वहिनीचे पांढरे फिन्स आणि माझी पारखी नजर

माझी वहिनी माणसं पायांवरून ओळखते. कुणी दुकानात आलं की ती आधी खाली बघते, मग वर. "ते अरुंद टाचेचे येऊन गेले," "त्या चवड्यांवर चालणाऱ्या बाई उद्या परत येते म्हणाल्यात," असं तिचं बोलणं. मी तिची नणंद. इतकी वर्षं तिच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर ठाण मांडून बसते आहे, पण माझ्या पायांबद्दल ती कधी काही बोलली नाही. जिभेबद्दल मात्र बरंच बोलून झालंय.

दुकान धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. माझा धाकटा भाऊ हौशी लोकांना पाठीला हवेची नळकांडी बांधून समुद्राखाली फिरवून आणतो, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान वहिनी सांभाळते. पुढे काउंटर, मधे लाकडी मांडण्या, मागे सिमेंटची मोठी टाकी आणि नळ. वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. मी पलीकडच्या गल्लीत एका खोलीत राहते, म्हणजे झोपायला तिथे असते. बाकी माझा मुक्काम स्टुलावर. रस्त्याने कोण कुणाबरोबर गेलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे त्या स्टुलावरून फार स्वच्छ दिसतं. निदान मला तसं वाटायचं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा माझा निवृत्तीनंतरचा जोडधंदा.

निवृत्त मी रंगांच्या दुकानातून झाले. भिंतींचे, दारांचे, लोखंडी जाळ्यांचे रंग. गिऱ्हाईक म्हणे, "पांढरा द्या." मी चष्म्यावरून बघत विचारी, "कोणता पांढरा?" मोतिया, दुधी, हस्तिदंती, बर्फाळ... माणूस बिचारा पांढरा घ्यायला येई आणि पांढराफटक होऊन जाई. त्यामुळे रंगातलं आपल्याला जे कळतं ते जगात कुणाला कळत नाही, असा माझा ठाम समज झाला होता. आता सांगायची गोष्ट त्या समजाचीच आहे, पण नायिका वहिनी आहे. मी आपली मधे मधे तोंड घालीन. ते काही माझ्या हातात नाही.

तर फिन्स. पाण्याखाली पोहताना पायांत जे लांब रबरी पंजे घालतात ना, बदकासारखे, ते. आमच्या धाकट्याची रीत अशी की तो सगळ्यांच्या मागून आणि जरासा वरून पोहतो. कुणी मागे राहू नये, कुणी खोल घसरू नये. आता मागून पोहणाऱ्याला काय दिसणार? पाय! तोंडावर काच, तोंडात नळी, अंगात सगळ्यांच्या सारखाच काळा रबरी पोशाख. तिथे बँकेचा साहेब आणि त्याचा शिपाई यांत फरक करायचा तर तो पायांवरूनच. म्हणून वहिनीने ठरवलं की प्रत्येकाच्या पायांत वेगळा रंग हवा. धाकटा खाली गेला की माणसं मोजत नाही, रंग मोजतो. पिवळा आहे, हिरवा आहे, केशरी आहे, पांढरा आहे. चला पुढे.

पहिल्या वर्षी रंग निवडायला अर्थातच मला बोलावलं होतं. मी डोळे अर्धवट मिटून, मान तिरकी करून, दुकानात गिऱ्हाइकासमोर करायचे तसे सगळे नखरे केले आणि सांगितलं, "लाल घ्या. एक टोमॅटोसारखा, एक डाळिंबासारखा, एक मरून. खानदानी दिसतं." घेतले. पहिली तुकडी धक्क्यावरून निघाली तेव्हा माझी छाती फुगली होती. धाकटा वर आला तो काच कपाळावर सरकवून माझ्याकडेच बघत.

"ताई, वर सगळे लग्नाला निघालेले दिसत होते. खाली उतरल्यावर सगळे मयताला आलेले."

"म्हणजे?"

"काळे! तुझा टोमॅटो काळा, तुझं डाळिंब काळं, मरून तर विचारूच नकोस. कोण कुठला, काही पत्ता नाही."

लाल रंग पाणी सगळ्यांत आधी खातं, हे तेव्हा कळलं. जसजसं खाली जावं तसतसा लाल विझत जातो आणि उरतो तो काळपट डाग. मी म्हटलं, "मग पाण्यालाच रंगातलं कळत नाही." आमच्याकडे चूक कबूल करायची पद्धत ही अशी.

वहिनी मात्र गप्प बसली नाही. तिने एका दोरीला शिसं बांधलं, दोरीवर अंतराअंतराने मिळतील त्या रंगांचा एकेक फिन बांधला, होडीतून ती माळ समुद्रात सोडली आणि नवऱ्याला म्हणाली, "जा, बघून या. कोण दिसतो आणि कोण बुडाला ते सांगा." ती स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेली नाही. होडीतही ती दोन्ही हातांनी काठ धरून बसते. पण तिचे प्रश्न तळापर्यंत जातात. धाकटा वर येऊन सांगू लागला: पिवळा लांबून हाक मारतो. चमकणारा हिरवा आणि चमकणारा केशरी गढूळ पाण्यातसुद्धा उठून दिसतात. पांढऱ्यावर पाण्याची छटा चढते, पण तो हलला की लगेच लक्ष जातं. काळा सावलीत हरवतो. आणि निळा? "निळा कुठे बांधला होतास?" असं त्यानेच विचारलं.

तेव्हापासून निळा दुकानातून हद्दपार झाला. आणि पांढरा ठरला नवख्यासाठी. जो सगळ्यांत घाबरट, ज्याचे ओठ नळकांडी बांधायच्या आधीच सुकलेत, त्याला वहिनी पांढरी जोडी देते. धाकट्याला खूण कळते, या पायांवरून नजर हलवायची नाही. पांढऱ्या पायाचं माणूस अवलक्षणी, असं लोक म्हणतात. आमच्या दुकानात पांढऱ्या पायाच्या माणसाला जावयासारखं जपतात.

दोरी वर ओढून झाल्यावर त्याच होडीत वहिनीने नवऱ्याला एक अट घातली. आवाज चढवून नाही, एका हाताने काठ धरून दुसऱ्याने दोरीची गाठ सोडता सोडता.

"अहो, ज्या दिवशी पाय मोजताना चुकाल, त्या दिवशी वर यायचं ते कायमचं."

"एवढं काय?"

"धक्क्यावर त्यांची माणसं उभी असतात. त्यांना तोंड मला द्यायचंय."

त्याने मान डोलावली. तरुण होता, कशालाही डोलावत होता. पण माझा हा भाऊ एकदा डोलावलेली मान परत फिरवणारा नाही, हे मला लहानपणापासून माहीत. आणि पाण्याशिवाय तो काय आहे, हेही माहीत. जमिनीवर त्याला धड रस्ता ओलांडता येत नाही.

पुढची सगळी वर्षं वहिनीने त्या फिन्सची जी बडदास्त ठेवली, ती मला माहेरी कधी मिळाली नाही. समुद्रातून आले की आधी गोड्या पाण्यात बुडवायचे. अंगाला उन्हाचं मलम फासून आलेल्यांनी हात पुसल्याशिवाय पांढऱ्याला शिवायचं नाही, कारण त्या तेलाचे डाग बसतात. वाळवायचे ते सावलीत आणि आडवे, टोकांवर उभे करायचे नाहीत, वाकतात. ऊन तर त्यांचं दुश्मन. चमकणारा रंग आठवडाभर उन्हात राहिला तर बाजारात उरलेल्या भाजीसारखा मलूल होतो. एकदा पांढरा फिन काळ्या रबरी फिनावर पडून राहिला, तर त्याच्यावर चहा सांडल्यासारखा डाग उमटला, तो गेलाच नाही. वहिनीने तेव्हापासून काळ्या रबराला पांढऱ्याच्या मांडणीकडे फिरकू दिलं नाही. "माणसांचं तसंच असतं," मी म्हणाले होते, "संगत!" वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि माझं स्टूल पांढऱ्या मांडणीपासून जरा लांब सरकवलं.

अशी ही बाई. तिच्या फिन्सना कुणी नावं ठेवावीत हे स्वप्नातही शक्य नव्हतं. आणि एक दिवस धाकटा टाकीपाशी उभा राहून म्हणाला, "अगं, पांढरे पिवळे पडलेत."

वहिनी फडक्याला हात पुसत आली. फिन उजेडात धरला. "कुठे?"

"हे काय. सगळेच."

"मला तर पांढरे दिसतात."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच. घरात तज्ज्ञ असताना बाहेर कुणाला विचारायचं? मी स्टुलावरून उतरले, चष्मा पुसला, मान तिरकी केली.

"हस्तिदंती," मी निकाल दिला. "आणि थोडा साजूक तुपाकडे झुकलेला."

"वन्सं, नीट बघा हो."

"वहिनी, मी जन्मभर पांढरे विकलेत. तू तुझं धुणं बघ."

दोन विरुद्ध एक. लोकशाही आहे म्हटल्यावर वहिनी हरली. तिने साबण बदलला. पाणी बदललं. मांडणीवर जाड पडदा लावला, का तर खिडकीतून ऊन येत असेल. मांडण्यांचं लाकूड रंग सोडत असेल म्हणून खाली कोरा कागद अंथरला. छापील नाही, शाई लागते. आम्ही दोघं भावंडं रोज संध्याकाळी परीक्षक म्हणून येत होतो आणि रोज तिला नापास करत होतो. ती रोज मुकाट्याने पुन्हा टाकीकडे जात होती. मी तर रस्त्यापलीकडच्या शिंपिणीलाही सांगून आले, "वहिनीचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही हो." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शिंपिणीच्या तोंडात तर तो शिरायच्या आधीच बाहेर येतो. संध्याकाळपर्यंत ते वहिनीच्या कानावर परत आलं. ती माझ्या चहात साखर विसरली.

शेवटी उपाय मीच सुचवला. "वहिनी, पांढरे कपडे पिवळे पडले की काय करतेस?"

"नीळ घालते."

"मग?"

"वन्सं, हे रबर आहे."

"पिवळं ते पिवळं. त्याला निळीचा उतारा. मी काय आज रंग बघतेय? माझीच खोली बघ. रंगारी आणून देईल तो पांढरा पिवळट दिसत होता. मी त्याला म्हटलं, निळा थेंब टाक. अजून टाक. अजून टाक. शेवटी कसा शुभ्र आला! तू आली होतीस ना बघायला?"

"आले होते," वहिनी म्हणाली. "छान गार वाटलं होतं."

तिने रात्रभर पांढऱ्या जोड्या निळीच्या घट्ट पाण्यात बुडवून ठेवल्या. वापरून वापरून पात्यांवर बारीक ओरखडे पडलेले होते, त्यांत नीळ जाऊन बसली. सकाळी बाहेर काढल्यावर आम्ही दोघं टाळ्या वाजवायचेच बाकी होतो.

"बगळा!" धाकटा म्हणाला.

"बर्फाळ पांढरा," मी म्हणाले, "दुकानात याला जादा भाव होता."

वहिनी फिन हातात धरून उभी. "मला तर निळसर दिसतात हो."

"तुला ना," मी तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, "रंगातलं कळत नाही. त्यात लाजायचं काही नाही."

हे वाक्य मला आजही मधूनच आठवतं. आठवलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवते.

त्याच आठवड्यात तुकडीत एक बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, पण भीतीने इतका ओशाळलेला की त्याने हवेच्या नळकांडीलाच नमस्कार केला. वहिनीने त्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि पांढरी जोडी काढली. म्हणजे निळीतली. त्या दिवशी होडीत मीही होते. बेकरीवाल्याचं लग्न का मोडलं याबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी माझ्या कानावर होत्या, खरी कोणती ते त्याच्याकडूनच काढून घ्यायचं होतं. पण तो दातांत नळी धरून बसलेला. तेव्हा विचारता आलं नाही.

सगळे उतरले. होडीवाला बिडी शोधत होता, मी त्याला त्याच्या सुनेबद्दल विचारत होते. आणि वेळेच्या फार आधीच पाणी ढवळलं. एकेक डोकं वर यायला लागलं. शेवटी धाकटा. त्याने काच वर सरकवली आणि मी त्याचं तोंड बघितलं. लहानपणी विहिरीत आमचा कुत्रा पडला होता, तेव्हाच असं तोंड बघितलं होतं.

"पांढरा नाही!" तो ओरडला. "होडी फिरवा! पांढरा कुठेय? आत्ता होता! पांढरा—"

"मी आहे की," त्याच्या काखेपाशी पाण्यातून आवाज आला. बेकरीवाला! दोन्ही हातांनी धाकट्याचा पट्टा धरून बुडबुडत होता. "मी सगळा वेळ तुमच्यापुढेच होतो. मी तर तुम्हाला हात पण केला!"

होडीवाला हसला. इतर लोकही हसले, सुटलेल्या श्वासाने माणूस हसतो तसे. धाकटा नाही हसला. तो पाण्यातच थांबला होता आणि बेकरीवाल्याच्या पायांकडे बघत होता, लाटेखाली हलणाऱ्या त्या पायांकडे. समुद्राच्या रंगात विरघळून गेलेले ते पाय.

धक्क्यावर वहिनी उभी होतीच. धाकटा चढून आला, आपले स्वतःचे पिवळे फिन्स काढले आणि तिच्या हातात दिले.

"मोजणी चुकली," तो म्हणाला. "ठेव हे."

"अहो, ते निळीनं झालं. माझ्या हातनं—"

"चुकली ना? मग झालं तर."

तो ओल्या पायांनी वरच्या मजल्यावर गेला. मी पहिल्यांदाच एका प्रसंगाला काही बोलले नाही. बोलायला काही नव्हतं असं नाही. सगळं बोलणं "नीळ कुणी सुचवली" या गावाला जाऊन पोचत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडं होतं, पण तो खाली आला तो गिऱ्हाइकासारखा, काउंटरच्या बाहेर उभा राहिला. मी स्टुलावर, नेहमीपेक्षा अंग चोरून. वहिनीने काल संध्याकाळीच घाऊकवाल्याकडून नव्या पांढऱ्या फिन्सची पिशवी मागवली होती. कुलूपबंद असावी तशी चिकटवलेली पिशवी. तिने ती आमच्यासमोर कात्रीने कापली. तेवढ्यात बेकरीवाला दारात आला. काल धांदलीत आमचे रबरी मोजे घालूनच तो घरी गेला होता, ते परत करायला.

वहिनीने नवा फिन काउंटरवर ठेवला. "सांगा. कोणता रंग?"

धाकट्याने बघितलं. "पिवळट," तो थकून म्हणाला. "फसवलं तुला. जुना माल आहे."

"हस्तिदंती," मी म्हणाले. "मला बोलावलं असतंस तर मी तिथेच परत केला असता."

वहिनीने कात्री खाली ठेवली. मग ती दाराकडे वळली. "तुम्ही सांगा हो. कोणता रंग?"

बेकरीवाल्याने मोजे काखेत धरले आणि वाकून बघितलं. "पांढरा."

"नीट बघा," मी म्हणाले.

"बाई, मी पहाटेपासून मैद्यात असतो. हा पांढरा आहे."

"मैद्यातही भेसळ असते!"

"असते," तो म्हणाला, "पण मग मला कळते."

वहिनी काउंटरच्या बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "वन्सं, तुमच्या खोलीचा रंग कोणता?"

"पांढरा. शुभ्र पांढरा."

"निळी आहे हो ती खोली." तिचा आवाज बारीक झाला होता, हसू दाबल्यामुळे की रडू, मला कळेना. "आकाशासारखी निळी. पोहायच्या तलावासारखी निळी आहे."

"आणि तू वर्षभर बोलली नाहीस?"

"तुम्हाला रंगातलं कळतं ना! म्हटलं, काहीतरी नवी पद्धत आली असेल."

मग तिला हसू आवरेना. काउंटरला टेकून ती हसत होती, कमरेला खोचलेल्या फडक्याने डोळे पुसत होती आणि मधेच "रोज टाकीत... रोज साबण..." असं म्हणत होती. धाकटा तिच्याकडे बघत राहिला, मग फिनाकडे, मग स्वतःच्या हातांच्या नखांकडे. त्याची नखंसुद्धा त्याला पिवळी दिसत असणार. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, ही म्हण मी आयुष्यात शंभर जणांना ऐकवली असेल, नेहमी दुसऱ्यांबद्दल. डोळ्यांचंही तसं होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एका पाठोपाठ एक तपासलं. "मोतीबिंदू. दोघांनाही, दोन्ही डोळ्यांत," त्या म्हणाल्या. "भावंडं अगदी जोडीनं आलात. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलंय. निळा रंग आत पोचतच नाही धड."

"ते पिवळं का पडलं?" धाकट्याने विचारलं.

"वय. आणि बऱ्याच वर्षांचं ऊन."

"म्हणजे सावलीत ठेवायला हवे होते," वहिनी मागून म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या सकाळी मी खोलीत गेले आणि दारातच थबकले. अरे देवा! भिंती काय, आढं काय, मी जणू पोहायच्या तलावाच्या तळाशी राहत होते. आरशात बघितलं तर तिथे कुणी म्हातारी उभी. मी तिला बाजूला हो म्हणणार होते. कोपऱ्यांत वर्षभराची धूळ. ती जाऊ द्या. शिंपिणीचे केस काळेभोर म्हणून मी तिचा हेवा करत होते. ते चक्क जांभळे निघाले. मी लगेच तिला जाऊन सांगितलं. डोळे सुधारले, म्हणजे जीभ सुधारेल असं कुठे आहे?

धाकट्याचं वेगळं. त्याला दिसायला लागलं तेव्हा तो खिडकीत बसून समुद्राकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "ताई, हा असा होता? इतका निळा?" धक्क्यावर जायचा नाही. मोजणी चुकली होती, आणि मान डोलावून झाली होती. एक वाकडं बोलणं त्याच्याकडून ऐकायला मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो दुकानातल्या पंख्याला तेल घाल, दाराची बिजागरी घट्ट कर, असली कामं करायचा. आणि माझा भाऊ बिजागऱ्या घट्ट करतो म्हणजे सगळी दारं अडकतात. तुकड्यांना न्यायला दुसऱ्या दुकानातला माणूस उसना येत होता. वहिनी त्याला फिन्स काढून देई आणि नवऱ्याकडे बघत नसे.

डॉक्टरीणबाईंनी पाण्यात उतरायला हरकत नाही म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी हातात पोतं घेऊन वर गेली. मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं. खोटं कशाला बोलू?

"चला."

"कुठे?"

"तेव्हा डोळा तुमचा नव्हता आणि रंग माझा नव्हता. आता दोन्ही ठिकाणावर आहेत. मोजणी पुन्हा घ्या."

"अट तूच घातली होतीस."

"घातली होती. म्हणूनच मोजणीही मीच घेणार. चुकलात तर नळकांडी मी स्वतः विकून टाकीन. चला, होडीवाला थांबलाय."

होडीत मी, वहिनी, होडीवाला आणि ते तोंड बांधलेलं पोतं. वहिनी एका हाताने काठ धरून बसलेली. धाकट्याला पाठ करायला सांगून तिने पोत्यातली माळ पाण्यात सोडली. शिसं गेलं, दोरी गेली, एकेक जोडी गेली. कोणता कुठे, तिचं तिला ठाऊक. मग तो उतरला. बुडबुडे येत होते. वहिनी दुसऱ्या हाताने दोरी धरून होती आणि दोरीकडेच बघत होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की तो वर येऊन काय बोलेल त्यावर हे घर पाण्यात राहणार की जमिनीवर, ते ठरणार आहे. होडीवाल्यानेसुद्धा बिडी पेटवली नाही.

तो वर आला. काच वर सरकवली.

"सांगा," वहिनी म्हणाली.

"वरून पहिला पिवळा. त्याच्याखाली केशरी, चमकणारा. मग हिरवा. मग पांढरा." त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. "अगं, काय पांढरा आहे तो!"

"पुढे."

"मग काळा."

"चुकला!" मी ओरडले. होडी डचमळली. मी ते सोडताना चोरून बघितलं होतं ना! "लाल होता तो! माझा टोमॅटो! वहिनी, अगं चुकला गं हा!"

वहिनीने वळूनसुद्धा बघितलं नाही. "वन्सं, खाली तो काळाच दिसतो. लाल म्हणाले असते तर चुकले असते."

होडीवाला खोकला. मी पोतं घडी करायला घेतलं.

"झालं?" वहिनीने विचारलं. "तेवढेच?"

धाकटा पाण्यात तरंगत होता. वहिनीने दोरी इतकी घट्ट धरली होती की तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. आता मला पांढरं कळतं, म्हणून सांगते. पोत्यातून फिन्स किती बाहेर पडले तेही मला माहीत होतं. पण या खेपेला मी तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, होडीवाल्याला विचारा.

"नाही," तो म्हणाला. "शिशाच्या अगदी वर अजून काहीतरी आहे. आहे आणि नाहीही. पाण्याच्याच रंगाचं. दोनदा बघून ते मासा नाही एवढं कळलं, तिसऱ्यांदा कळलं काय आहे ते."

"काय?"

"ताईची नीळ."

वहिनीने काठ सोडला. त्या होडीत तिने दोन्ही हातांनी काठ सोडलेला मी पहिल्यांदाच बघितला. ती वाकली आणि त्याच्या काचेचा पट्टा कानामागे पिळला होता तो सरळ केला.

"उद्या चौघं आहेत," ती म्हणाली. "त्यांतली एक बाई फार घाबरते. पांढरा तिला देणार आहे."

"नवा पांढरा?"

"नवा."

माळ वर ओढल्यावर वहिनीने ती निळी जोडी सोडवली, गोड्या पाण्यात धुतली, सावलीत आडवी वाळवली आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. "वन्सं, दुकानात हिला जागा नाही. तुमच्या खोलीत शोभेल."

मी ती पलंगासमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावली. येणारे जाणारे विचारतात, भिंतीवर रिकामा खिळा कशाला ठोकलाय म्हणून. मी म्हणते, नीट बघा.